गरम झाली की गिअर अडकतो, थंड झाली की गाडी नीट : टीसीएम बदलायच्या आधी काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

ऑटोमॅटिक गाडी ट्रॅफिकमध्ये तापली की झटके देते, तिसऱ्या गिअरवर अडकून बसते, डॅशबोर्डवर गिअरचा आकडा लुकलुकतो किंवा गायबच होतो, आणि अर्धा तास बंद ठेवली की काही झालंच नाही अशी चालते. ही तक्रार घेऊन गॅरेजला गेलं की बहुतेक वेळा तीन गोष्टी होतात, थंड गाडीला स्कॅनर लावतात, बिघाडाचे कोड पुसतात आणि "टीसीएम गेलाय" म्हणून मोकळे होतात. टीसीएम म्हणजे गिअरबॉक्सचा कंट्रोल मॉड्यूल, हजारो रुपयांचा भाग, आणि तो बदलूनही पुढच्या उन्हाळ्यात तोच त्रास परत आलेल्या गाड्या मी बघत आलोय. कारण गरम होऊन बिघडणं या एकाच तक्रारीखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात:

- गिअरबॉक्स खरंच जास्त तापतोय, आणि मॉड्यूल त्याला वाचवण्यासाठी मुद्दाम गिअर अडवतोय. इथे इलेक्ट्रॉनिक्स ठणठणीत आहे.
- गिअरबॉक्स ठीक आहे, पण तापमानाचा सेन्सर किंवा त्याची वायर खोटं सांगतेय.
- तापमान नेहमीचंच आहे, पण त्या तापमानाला मॉड्यूल, कपलर (वायरी जोडणारा प्लग), वायर किंवा सोलेनॉइड (ऑइलचा रस्ता उघड-बंद करणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) यातलं काहीतरी साथ सोडतंय.

खालचा सगळा क्रम हे तीन वेगळे काढण्यासाठी आहे. मधल्या पायऱ्या गाळल्या तर शेवटच्या पायरीचा निकाल फसवा येतो, म्हणून क्रम मोडू नका.

## १. तयारी

स्कॅनर असा पाहिजे की जो गिअरबॉक्सच्या मॉड्यूलमध्ये स्वतंत्र शिरतो आणि लाइव्ह डेटा रेकॉर्ड करतो. स्वस्तातला ब्लूटूथ डोंगल बऱ्याचदा फक्त इंजिनचे कोड दाखवतो, त्यात पी०७०० दिसला तर त्याचा अर्थ एवढाच की "गिअरबॉक्सच्या मॉड्यूलला काहीतरी सांगायचंय, तिकडे जाऊन विचारा". पी०७०० वरून कुठलाही पार्ट मागवू नका.

बाकी सामान: कमाल-किमान पकडणारा मल्टिमीटर, वायरवाला थर्मोकपल (तापमान मोजायला), टेस्टिंगसाठी २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब वायरी लावून, कपलरच्या मागून घालायच्या बारीक पिना, बॅटरीला जोडून ठेवायचा चार्जर, आणि त्याच मॉडेलचा, त्याच वर्षाचा वायरिंग डायग्रॅम. डायग्रॅमशिवाय सुरुवातच करू नका, कारण एकाच गाडीच्या दोन व्हेरियंटमध्ये पिनांचे नंबर वेगळे असू शकतात.

लेझरची तापमान गन असेल तर एक लक्षात ठेवा, चकचकीत अॅल्युमिनियमच्या केसिंगवर ती चुकीचं आणि बहुतेक वेळा कमी तापमान दाखवते. जिथे मोजायचंय तिथे काळी इन्सुलेशन टेप चिकटवा, ती केसिंगइतकी तापू द्या, मग टेपवर गन धरा.

सावधान: गरम इंजिनाजवळ काम आहे. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही आपोआप फिरू शकतो. हँडब्रेक, चाकांना दगड, आणि चालत्या गाडीत स्कॅनर बघायला दुसरा माणूस. ड्रायव्हरने स्क्रीनकडे बघायचं नाही.

## २. गाडीवाल्याला नीट विचारा

इथे दहा मिनिटं घालवा, पुढचे दोन तास वाचतात. "गरम झाल्यावर" म्हणजे नक्की कधी? मी हे प्रश्न विचारतो:

घाट चढताना होतं का ट्रॅफिकमध्ये रांगताना? हायवेला शंभरच्या स्पीडला कधी झालंय का? एसी चालू-बंदने फरक पडतो का? आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, गाडी चालता चालता बिघडते का चहाला थांबून पंधरा-वीस मिनिटांनी परत स्टार्ट केल्यावर?

या शेवटच्या उत्तरात खूप काही दडलेलं असतं. इंजिन बंद केलं की पंखा बहुतेक वेळा थांबतो, समोरून येणारी हवा थांबते, कूलंट फिरणं थांबतं आणि इंजिनात साठलेली उष्णता बॉनेटखाली पसरायला लागते. त्यामुळे बॉनेटखालचे मॉड्यूल आणि कपलर गाडी बंद केल्यावर पुढची पंधरा-वीस मिनिटं उलट जास्त तापतात. हायवेवर व्यवस्थित आलेली गाडी खंबाटकी उतरून हॉटेलवर थांबली आणि मग स्टार्टच होत नाही किंवा डी मध्ये टाकली तरी हलत नाही, असं असेल तर गिअर ऑइलचं तापमान सोडा आणि बॉनेटखालच्या इलेक्ट्रॉनिक्सवर नजर ठेवा. उलट कात्रज चढताना झालं आणि वर जाऊन सपाटीला दोन किलोमीटरमध्ये सुटलं, तर खरंखुरं तापण्याची शक्यता जास्त.

किती वेळात बरी होते हेही विचारा. चावी बंद करून लगेच चालू केली की नीट होत असेल तर काहीच थंड झालेलं नाही, फक्त मॉड्यूल नव्याने सुरू झाला. अर्धा तास लागत असेल तर खरोखर काहीतरी थंड व्हावं लागतंय.

## ३. कोड वाचा, फोटो काढा, पुसू नका

सगळ्या मॉड्यूलचे कोड वाचा, नुसत्या गिअरबॉक्सचे नाही. प्रत्येक कोडसोबत साठवलेला फ्रीझ फ्रेम उघडा, म्हणजे कोड पडला त्या क्षणी ऑइलचं तापमान किती, बॅटरी व्होल्टेज किती, स्पीड किती, हे दिसतं. कोड पुसला की बहुतेक गाड्यांत हेही जातं, आणि बॅटरीचं टर्मिनल काढलं तरी काही गाड्यांत जातं. हा पुरावा परत मिळवायला तुम्हाला पुन्हा अख्खा घाट चढावा लागेल.

कोडचे ढोबळ गट असे पाडा:

पी०२१८ : गिअरबॉक्सचं तापमान जास्त. हा बऱ्याचदा खरा असतो, आधी पायरी ५.

पी०७११ ते पी०७१४ : ऑइल तापमानाच्या सेन्सरचं सर्किट. पायरी ६.

पी०६३४ : मॉड्यूलच्या आतलं तापमान जास्त. मॉड्यूल कुठे बसवलाय, त्याची हवा कशाने अडलीय, एखादं हीट शील्ड काढून परत लावायचं राहिलंय का, ते बघा.

पी०५६२, पी०८८२ : व्होल्टेज कमी. हा सोबत असेल तर बाकी सगळे कोड तूर्त बाजूला, आधी करंट (मॉड्यूलला बॅटरीकडून येणारा सप्लाय) आणि अर्थिंग.

पी०६४१ : सेन्सरला जाणारा पाच व्होल्टचा पुरवठा. एक सेन्सर गरम होऊन आतून शॉर्ट झाला की त्या लाइनवरचे सगळे सेन्सर एकदम आडवे पडतात आणि कोडची रांग लागते.

यू०१०१ : टीसीएमशी संपर्क तुटला. हा कोड टीसीएममध्ये नसतो, तो इंजिन, एबीएस अशा बाकीच्यांकडे असतो. बाकी सगळे "टीसीएम बोलत नव्हता" म्हणतायत आणि टीसीएमच्या स्वतःच्या मेमरीत काहीच नाही, तर बहुधा त्याचा करंट किंवा अर्थिंग गेलं होतं किंवा तो मधेच रीसेट झाला.

तपासा: फ्रीझ फ्रेममधलं तापमान आणि गाडीवाल्याची हकिगत जुळतेय का? कोड ४० अंशांवर पडला असेल तर ऑइल तापल्यामुळे पडलेला नाही.

## ४. रात्रभर उभ्या गाडीची नोंद

गाडी रात्रभर सावलीत ठेवा. सकाळी इंजिन चालू न करता चावी ऑन करून कूलंट, बाहेरची हवा, गिअर ऑइल आणि मॉड्यूलच्या आतलं तापमान असे जेवढे आकडे मिळतील तेवढे लिहा. सगळे एकमेकांच्या चार-पाच अंशांत पाहिजेत. एकटा गिअर ऑइलचा आकडाच पंधरा अंशांनी वर असेल तर सेन्सरचा संशय इथेच पक्का होत आला. ही तपासणी फुकट आहे, पाच मिनिटांची आहे, आणि तरी जवळपास कोणी करत नाही.

मग बॅटरी. इंजिन बंद, लोड नाही, साधारण १२.४ व्होल्टच्या खाली असेल तर आधी चार्ज करा. आत्ताच थंड गाडीवर ज्या सोलेनॉइडपर्यंत कपलरवरून पोचता येतं त्यांचा रेझिस्टन्स मोजून लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

## ५. खरंच तापतोय का?

लाइव्ह डेटा रेकॉर्डिंगला लावा आणि गाडी चालवा. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गिअरबॉक्सचं ऑइल साधारण ८० ते १०० अंशांत राहिलं तर ठीक, १२० च्या पुढे जायला लागलं तर कारण शोधायचं. केसिंगवरच्या टेपचं तापमान आणि स्कॅनरचा आकडा यांची तुलना करा, थोडा फरक असणारच, पण दोघांनी सोबत चढायला आणि उतरायला पाहिजे.

खरंच तापत असेल तर कूलरच्या जाळीत चिखल, किडे, वावटळीतला कचरा अडकलाय का, पंखा दुसऱ्या स्पीडला जातो का, कूलंट नीट फिरतंय का आणि ऑइलची लेव्हल बरोबर आहे का ते बघा. लेव्हल कधी बघायची यातही गोम आहे, बऱ्याच बिनकाडीच्या (डिपस्टिक नसलेल्या) गिअरबॉक्सला ती इंजिन चालू ठेवून ठरावीक तापमानाला बघायची असते, काहींना ३५ ते ४५ अंशांच्या दरम्यान, आणि पूर्ण गरम गाडीवर बघून "बरोबर आहे" म्हटलं तर प्रत्यक्षात ऑइल कमी असतं.

ड्राय क्लचच्या ड्युअल क्लच गाड्यांत, म्हणजे फोक्सवॅगन-स्कोडाचा सात स्पीड डीक्यू२०० किंवा फोर्डचा सहा स्पीड पॉवरशिफ्ट असे, अजून एक मुद्दा येतो. क्लचला थंड करायला ऑइल नाही. चढावर ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली, किंवा सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये एकेक फूट सरकत राहिलं, की क्लच अर्धवट घसरत तापतो. डीक्यू२०० मध्ये हे क्लचचं तापमान मोजलेलं नसतं, सॉफ्टवेअर घसरण आणि टॉर्कवरून हिशोब करून काढतं. हा आकडा वाढल्यावर गाडी थरथरून इशारा देत असेल किंवा ड्राइव्ह तोडत असेल तर ते संरक्षण आहे. अशा गाडीचा मॉड्यूल बदलून काहीही साध्य होत नाही, क्लचची झीज आणि चालवायची सवय बघावी लागते.

तपासा: इथपर्यंत तापमान खरंच जास्त निघालं तर थांबा. आधी ते दुरुस्त करा, मग परत पायरी ३ पासून या.

## ६. सेन्सर खोटं बोलतोय का?

ऑइल तापमानाचा सेन्सर बहुतेक ठिकाणी असा असतो की तापमान वाढलं की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. वायर तुटली किंवा कपलर सुटला तर स्कॅनरवर उणे ४० च्या आसपास आकडा येतो, वायर अर्थला चिकटली तर १५० किंवा त्याहून जास्त. हे दोन टोकाचे आकडे दिसले की खऱ्या तापमानाचा विचार सोडून वायर धरा.

पण जास्त फसवतो तो मधेच उडी मारणारा सेन्सर. त्यासाठी रेकॉर्डिंगचा ग्राफ बघा, नुसता आकडा नको. गिअरबॉक्समध्ये कित्येक लिटर ऑइल आणि किलोगणती धातू असतो, तो एका सेकंदात ९२ वरून १४० वर जाऊच शकत नाही. असा उभा सुळका दिसला आणि पुढच्याच सेकंदाला परत ९२, तर ती इलेक्ट्रिकल उडी आहे. खरं तापणं नेहमी उतारासारखं हळूहळू चढतं.

## ७. बिघाड घडवून आणा आणि तो हजर असतानाच मोजा

ही मुख्य पायरी, आणि इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. गाडी तापवायची ती चालवून, शक्यतो ज्या रस्त्यावर बिघडते तिथेच. उभ्या गाडीत ब्रेक दाबून अॅक्सिलरेटर देऊन तापवायचा शॉर्टकट ड्युअल क्लच आणि एएमटीवर (मॅन्युअल गिअरबॉक्सच, पण क्लच आणि गिअर मशीन बदलतं) अजिबात करू नका, क्लच जळेल. गाडीवाल्याच्या सांगण्यात "थांबल्यावर" होतं असेल तर वीस मिनिटं चालवून, बंद करून, बॉनेट बंदच ठेवून पंधरा मिनिटं थांबा आणि मग स्टार्ट करा. बॉनेट उघडं ठेवलं की परीक्षाच रद्द होते.

आधीच पिना कपलरच्या मागून घालून मीटरच्या वायरी आत केबिनमध्ये घेऊन ठेवा, कारण बिघाड आल्यावर बॉनेट उघडून पिना शोधेपर्यंत तो पळालेला असतो. वायरच्या इन्सुलेशनला सुई टोचू नका, पावसाळ्यात त्याच भोकातून पाणी शिरून तांबं हिरवं पडतं.

मोजायचा क्रम:

पहिलं अर्थिंग. मीटरची एक पिन टीसीएमच्या अर्थ पिनवर, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, गाडी चालू, दिवे-पंखा-एसी चालू. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थिंगमध्ये अडथळा आहे. कंटिन्युइटीची बीप इथे काही कामाची नाही, दहा तारांपैकी एकच तार शिल्लक असली तरी बीप वाजते.

मग करंट. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून टीसीएमच्या सप्लाय पिनपर्यंत किती व्होल्ट गळतायत ते तसंच मोजा. अर्धा व्होल्ट जात असेल तर फ्यूजची पकड, रिलेचे पाय, जोड असे एकेक टप्पे मोजत या. रिले हा गरमीतला नेहमीचा गुन्हेगार आहे, पाय सैल असला की तिथेच तापतो आणि अजून सैल होतो. शंका असेल तर कपलर काढून सप्लाय आणि अर्थ पिनांवर २१ वॅटचा बल्ब लावा. मीटरवर १२ व्होल्ट दिसतात आणि बल्ब मंद पेटतो, म्हणजे वायर लोड पेलत नाही.

मग पाच व्होल्टची लाइन. बिघाडाच्या क्षणी ती पडत असेल तर त्या लाइनवरचे सेन्सर एकेक करून काढा, ज्याला काढल्यावर पाच व्होल्ट परत येतात तो दोषी. सगळे काढूनही नाही आले तर वायर किंवा मॉड्यूल.

मग कॅन लाइन, म्हणजे मॉड्यूल एकमेकांशी बोलतात ती दोन वायरींची जोडी. बॅटरी काढून, दोन मिनिटं थांबून, दोन वायरींमध्ये साधारण ६० ओहम यायला पाहिजेत, १२० आले तर एका टोकाचा रेझिस्टर दिसत नाहीये. ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरवर मोजताना जपून, बऱ्याच नव्या गाड्यांत मधे गेटवे (वेगवेगळ्या लाइन जोडणारा मॉड्यूल) असतो आणि तुम्ही मोजताय ती गिअरबॉक्सची लाइनच नसते. डायग्रॅम बघा.

शेवटी सोलेनॉइड. थंड असतानाचे आकडे आता कामी येतात. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.३९ टक्के वाढतो, म्हणजे २० अंशांना ५ ओहम असलेली कॉइल १०० अंशांना साधारण ६.५ ओहम दाखवणारच, तो दोष नाही. हा हिशोब माहीत नसल्यामुळे चांगले सोलेनॉइड फेकले जातात. दोष कधी? गरम झाल्यावर एकदम अनंत झाला, किंवा वाढायच्या ऐवजी कमी झाला, किंवा एकसारख्या चार सोलेनॉइडमध्ये एकच वेगळा वागला तर.

सावधान: रेझिस्टन्स नेहमी कपलर काढून, करंट बंद करूनच. चालू सर्किटवर ओहम मोजले तर आकडा खोटा येतो आणि मीटरही जाऊ शकतो.

## ८. कपलर आणि वायर

सातव्या पायरीत काही सापडलं असेल तर त्या भागात, नसेल तरी टीसीएमच्या कपलरमध्ये हे बघा: पिन काळी पडलीय का, प्लास्टिक पिवळट किंवा मऊ झालंय का, मादी पिन सैल झालीय का. सैलपणा डोळ्याने दिसत नाही, त्याच मापाची सुटी नर पिन घालून ओढून बघा, हाताला थोडी पकड जाणवली पाहिजे. मीटरची जाड सळई कपलरमध्ये समोरून खुपसून पिना सैल करणारे खूप आहेत, आणि मग तापल्यावर प्लास्टिक फुगतं आणि नेमका तोच संपर्क सुटतो.

कपलरमध्ये ऑइल दिसलं तर नुसतं पुसून सोडू नका. मर्सिडीजच्या ७२२.६ गिअरबॉक्सचं हे प्रसिद्ध दुखणं, गिअरबॉक्समध्ये शिरणाऱ्या १३ पिनांच्या कपलरच्या बुशाची ओ-रिंग कडक होते आणि ऑइल वायरच्या तारांमधून चढत चढत थेट मॉड्यूलपर्यंत पोचतं. बूश स्वस्त असतो, मॉड्यूल नाही.

## ९. एकाच जागेला गरम-गार करून बघा

आतापर्यंत करंट, अर्थ, पाच व्होल्ट, कॅन, वायर सगळं गरम अवस्थेत बरोबर निघालं असेल तरच इथे या. बॉनेटखाली वेगळा बसवलेला मॉड्यूल असेल तर गाडी थंड ठेवून फक्त मॉड्यूलला हेअर ड्रायरने हळूहळू तापवा, थर्मोकपल त्याच्या अंगाला चिकटवलेला पाहिजे आणि ८० अंशांच्या वर नेऊ नका. पेंट काढायची हीट गन वापरू नका, ती काही सेकंदांत कपलर वितळवते. जवळ पेट्रोलची लाइन असेल तर हा प्रयोग मॉड्यूल बाहेर काढून लांब वायरीवरच करा.

उलट प्रयोगही करा: गाडी तापून बिघाड हजर आहे, तेव्हा फ्रिजमधला जेल पॅक कोरड्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून मॉड्यूलवर पाच-दहा मिनिटं ठेवा. बाकी सगळं गरम असताना नुसता मॉड्यूल गार केल्यावर गाडी सुधारली, आणि परत तापवल्यावर परत बिघडली, तर दोष मॉड्यूलमध्ये आहे असं म्हणायला आधार मिळतो. एकदा जमलं म्हणून विश्वास ठेवू नका, दोन्ही दिशांनी पुन्हा करून बघा.

आत काय होतं? तापणं-निवणं होत राहिलं की सोल्डरच्या जोडाला केसासारखी भेग पडते, थंड असताना ती चिकटलेली असते, बोर्ड तापून प्रसरण पावला की उघडते. फोर्डने अमेरिकेत पॉवरशिफ्टवाल्या फोकस-फिएस्टाच्या काही मॉडेल वर्षांसाठी टीसीएमची वॉरंटी १० वर्षं किंवा १,५०,००० मैलांपर्यंत वाढवली होती, म्हणजे हा प्रश्न एखाद-दुसऱ्या गाडीचा नव्हता.

मॉड्यूल गिअरबॉक्सच्या आत ऑइलमध्ये असेल, मर्सिडीज ७२२.९ सारखा, तर हा प्रयोग शक्य नाही. तिथे स्पीड सेन्सर बोर्डवरच असतात, त्यामुळे पी०७१५ किंवा पी०७२० गटातला कोड फक्त गरम असताना येत असेल आणि बाहेरचा कपलर, करंट, अर्थ गरम अवस्थेत चोख असेल, तर सगळा बोर्डच दोषी धरावा लागतो.

## १०. बदलायच्या आधी आणि नंतर

जुन्या मॉड्यूलचं कोडिंग आणि सॉफ्टवेअर नंबर स्कॅनरवरून वाचून ठेवा, तो पूर्ण मरायच्या आत. भंगारातून आणलेला मॉड्यूल नुसता लावून बऱ्याच गाड्या चालत नाहीत, चासी नंबर आणि इमोबिलायझर जुळत नाही, म्हणून घ्यायच्या आधी तो रीकोड होतो का हे ज्याच्याकडे ते सॉफ्टवेअर आहे त्याला विचारा. सोल्डर दुरुस्ती चांगल्या हाताने झाली तर टिकते, पण जोड परत तापवून चिकटवणं आणि जुनं सोल्डर काढून नवीन भरणं यात खूप फरक आहे, कारागिराला स्पष्ट विचारा की यातलं काय करणार.

बसवल्यावर अॅडाप्टेशन, म्हणजे क्लचचे पॉइंट शिकवणं, कंपनीने दिलेल्या तापमानाच्या हद्दीतच करा आणि त्या वेळी बॅटरीला चार्जर जोडलेला ठेवा. मधे व्होल्टेज पडलं तर नवा मॉड्यूल अर्धवट शिकून बसतो आणि गाडी आधीपेक्षा वाईट चालते.

मग कोड पुसा, आता पुसायला हरकत नाही. आणि गाडीची ट्रायल तिथेच घ्या जिथे ती बिघडत होती, त्याच दुपारच्या वेळी, एसी लावून. परत आल्यावर बॉनेट बंद ठेवून पंधरा मिनिटं उभी करा, स्टार्ट करा, आर आणि डी दोन्ही टाकून बघा, आणि सगळ्या मॉड्यूलचे कोड पुन्हा वाचून पहिल्या फोटोंशी ताडून बघा. संध्याकाळच्या गारव्यात गॅरेजभोवती एक चक्कर मारून गाडी परत देत असतील तर ताब्यात घेऊ नका.